लुगड्यातला संघ आणि उबाळेबाई

उबाळेबाई आमच्या कॉलेजात आल्या त्याच आठवड्यात मी त्यांच्याविरुद्ध पत्रक काढलं. माझ्या मामांचा घोडनदीत छापखाना आहे. शिरूर हे नाव सरकारी कागदावरचं. गावाला आम्ही घोडनदीच म्हणतो. कापून उरलेला कागद मला फुकट मिळतो, छपाईचे खिळे जुळवायला मी स्वतः शिकले आहे, त्यामुळे आज अन्याय दिसला की उद्या पत्रक, असा माझा शिरस्ता. त्या पत्रकाचा मथळा होता, 'वसतिगृहाला नळ नाही, मुलींना अमेरिकेचा खेळ मात्र पाहिजे.' खाली मी विचारलं होतं की सॉफ्टबॉल नावाचा प्रकार या तालुक्यात कुणी डोळ्यांनी पाहिला आहे काय, आणि तो शिकवायला मिशन कंपाउंडातली एक बाई एका हंगामापुरती नेमण्यामागं कुणाचं डोकं आहे.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात त्यांनी मला अडवलं. पांढरं सुती पातळ, खाली कॅनव्हासचे पांढरे बूट, गळ्यात शिट्टी, एका हातात काळी छत्री आणि दुसऱ्या हातात माझं पत्रक. वय चाळीसच्या पुढं.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"खरंच नळ नाही?"

"नाही."

"दाखव बघू."

मी भांडायच्या तयारीत होते. त्या चालायला लागल्या. वसतिगृहामागच्या विहिरीवर जाऊन त्यांनी स्वतः दोन कळश्या शेंदल्या, रहाट कुठं करकरतो ते वाकून पाहिलं, रस्त्यावरून नळ आणायचा तर कुठून येईल ते छत्रीनं जमिनीवर रेघ ओढून काढलं. मग म्हणाल्या, "बरोबर लिहिलंयस. संध्याकाळी मैदानावर ये. उजव्या कोपऱ्यात उभं राहायला माणूस कमी आहे."

मी गेले. का गेले ते मला अजून नीट सांगता येत नाही. टीका करायची तर आधी माहिती पाहिजे, असं मी स्वतःला सांगितलं. नळाबद्दल बाई दर सोमवारी प्राचार्यांच्या खोलीत जाऊन विचारत राहिल्या. नळ अजून आलेला नाही. हे मी इथं लिहून ठेवते, कारण कॉलेजच्या वार्षिक अहवालात ते कुणी लिहिणार नाही.

खेळ समजायला सोपा आहे. चार कोपऱ्यांवर चार घरं. एकीनं चेंडू टाकायचा, तोही हात खालून फिरवून. दुसरीनं फळीनं तो मारायचा आणि चारही घरं फिरून परत यायचं. आमच्या फळ्या मिशनच्या सुतारशाळेत बाभळीच्या केलेल्या, उचलल्या की मनगट भरून यायचं. घरं म्हणजे घोड नदीची वाळू भरलेली गोणपाटं. चेंडू अडवायचे चामड्याचे पंजे गावातल्या चांभारानं शिवले. त्याच्या दुकानात बाई तीन संध्याकाळी बसल्या होत्या, शिवण आतून का घालतात ते विचारत. तिसऱ्या दिवशी तो गेनूमामाला, आमच्या शिपायाला, म्हणाला, "ही बाई खेळ शिकवणार का माझं दुकान घेणार?"

बाईंची शिट्टी हंगामभर एकदाही वाजली नाही. विमल पहिल्या घरावर उभी राहायची, तिनं एकदा कारण विचारलं. "वाजवली की तुम्ही थांबता," बाई म्हणाल्या, "आणि मला तुम्ही पळताना बघायचंय." त्यांच्या पदराच्या टोकाला फुटाणे बांधलेले असत. चेंडू चांगला अडवला तर काही मिळायचं नाही. चांगला प्रश्न विचारला तर दोन फुटाणे. आम्ही सगळ्या घरात 'विचारू नको, ऐक' असं ऐकत वाढलेल्या. विचारलं की खायला मिळतं हे पहिल्यांदाच कळत होतं.

त्यांच्याबद्दल गावात गोष्टी पुष्कळ. मिशनच्या अनाथ मुलींच्या बोर्डिंगात वाढल्या, तिथं एका म्हाताऱ्या अमेरिकन मॅडमनं त्यांना हा खेळ शिकवला, इथपर्यंत सगळ्यांचं जमायचं. पुढं कुणी म्हणे त्या नर्स होत्या, कुणी म्हणे त्यांचं लग्न ठरलं होतं आणि नवरामुलगा लढाईत गेला. मी तोंडावर विचारलं. मला दोन फुटाणे मिळाले, उत्तर मिळालं नाही.

हौसा संघात आली ती एका शेळीमुळं. ती मांडवगण फराट्याची. आजोबांपर्यंत घराणं मेंढरं घेऊन फिरणारं, वडिलांनी भीमेकाठी जमीन केली. घोडनदीत मावशीकडं राहून ती पहिल्या वर्षाला शिकत होती. आम्ही सराव करत होतो, ती कडेला उभी राहून बघत होती. एक शेळी मैदानात घुसून तिसऱ्या घराचं गोणपाट खायला लागली. हौसानं वाकून खडा उचलला आणि खालून हात फिरवून टाकला. खडा शेळीच्या तोंडापुढं वीतभर पडला. शेळी वळली आणि निघून गेली.

बाई पळत तिच्याकडं गेल्या. "शेळीला का नाही मारलास?"

हौसा घाबरली. "मारायचा नसतुया बाई. जनावराच्या फुडं टाकायचा. मंग ते आपलं आपुन वळतं."

"परत दाखव बघू."

"शेळी गेली की."

"माझ्यापुढं टाक. मी शेळी."

आणि त्या खरोखर मैदानात चालायला लागल्या. हौसा तोंडाला पदर लावून हसत खडे टाकत होती, आणि प्रत्येक खडा बाईंच्या बुटापुढं वीतभर पडत होता. त्या दिवसापासून चेंडू टाकायचं काम हौसाचं.

पण सामने बाहेरगावी. त्याला तिच्या वडिलांची परवानगी पाहिजे. बाई, हौसा आणि मी एस.टी.नं मांडवगणला गेलो. मला नेलं कशाला? "तू बोलतेस चांगलं," बाई म्हणाल्या. तिथं गेल्यावर मात्र पहिला तासभर त्यांनी मला बोलूच दिलं नाही. हौसाच्या वडिलांच्या, आबांच्या, वाघरीजवळ त्या बसल्या. वाघर म्हणजे मेंढरांभोवती रात्री लावायचं जाळं. लांडगा नेमका कोणत्या बाजूनं येतो, कुत्रं वाऱ्याच्या कुठल्या अंगाला बांधायचं, सगळं विचारून झालं. आबांनाही सांगायला गोडी लागली. चहा झाल्यावर त्यांनी स्वतःच विषय काढला.

"ह्या खेळात गावतं काय?"

"काही नाही," बाई म्हणाल्या.

"मंग कशापायी खेळायचं?"

"तुमच्या मुलीच्या हातात काहीतरी आहे. ते किती आहे ते मला बघायचंय."

आबा दाढी खाजवत म्हणाले, "खेळू द्या. पर दोन गोष्टी. पायजमा न्हाई, पोटऱ्या उघड्या टाकून न्हाई. लुगडं नेसंल. आन् दिवा लागायच्या आत मावशीच्या घरात. ज्या दिशी दिवा लागल्यावर आली, त्या दिसापास्नं कॉलेज बंद. खेळ न्हाई म्हनत मी. कॉलेज."

आता माझ्याच्यानं राहवेना. "आबा, हौसाच्या जागी मुलगा असता तर ही अट घातली असती?"

"न्हाई घातली असती."

"मग हा अन्याय नाही?"

"हाय की," आबा शांतपणे म्हणाले. "पोरगा रातच्याला आला न्हाई, तर गाव मला काय इचारत न्हाई. पोरीचं इचारतंय. माझ्या आणि दोन पोरी उजवायच्या हायेत, ताई. तुम्ही गावाचं तोंड बंद करून या, मी अट काढतो."

बाई म्हणाल्या, "दोन्ही कबूल. दिव्याच्या आत मी स्वतः हात धरून तिला घरात आणून सोडीन. माझा शब्द."

परतीच्या एस.टी.त मी मुद्दाम त्यांच्यापासून लांबच्या बाकावर बसले. त्यांनीही मला फुटाणे विचारले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मला खरा संताप आला. बाईंनी ठरवलं की एकट्या हौसानं लुगड्यात खेळायचं नाही, सगळ्यांनी खेळायचं. नऊवारी, काष्टा घालून, सगळ्यांची हिरवी. काय प्रकार आहे हा, मी म्हटलं. आमच्यातल्या प्रत्येकीनं गोल पाचवारी पातळासाठी घरात भांडण केलेलं. लुगडं म्हणजे चूल, शेण, खुरपं. त्यातून बाहेर पडायला आम्ही कॉलेजात आलो आणि या शिकल्यासवरल्या बाई आम्हाला परत त्यात घालणार?

"आमच्या आया लुगड्यात राबल्या कारण त्यांना दुसरं काही कुणी दिलं नाही," मी मैदानावर सगळ्यांदेखत म्हटलं.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "पण पळाल्या ना त्यात? ओढा ओलांडला, झाडावर चढल्या. मला सांग, या पाचवारीत तू झाडावर चढशील?"

"मला झाडावर चढायचंच नाही."

"दुसऱ्या घराला घसरत जायचंय. ते त्याहून अवघड."

आणि गंमत अशी की काष्टा कुणालाच घालता येईना. गेनूमामाची बायको, पारूमामी, रोज संध्याकाळी येऊन दहा मुलींना नेसवायची. "पुस्तकं वाचत्याती," ती म्हणायची, "आन् कंबरंला लुगडं टिकत न्हाई." पण मी खोटं लिहिणार नाही. चौथ्या दिवशी मी घसरत घर गाठलं आणि मांडीला ओरखडा नाही. दुहेरी कापडानं सगळं अंगावर घेतलं होतं.

नगरच्या सामन्यात मुलांनी कडेनं ओरडून घेतलं, "तमाशाचा फड आला रे." विमल गप्प बसणारी नाही. "आलो की," ती म्हणाली, "ढोलकीवाला कमी पडतोय, येतोस?" तिथं आम्ही सपाटून हरलो, आणि हरलो ते एका गोष्टीनं. गावाकडं आम्ही लगोरी आणि आबाधोबी खेळत वाढलेल्या. त्यात पळणाऱ्याच्या पाठीत चेंडू बसला की तो मेला. नगरची एक मुलगी पहिल्या घराकडं पळत होती. विमलच्या हातात चेंडू होता. घराला पाय लावला असता तरी पुरे होतं. विमलनं नेम धरून तो तिच्या पाठीत घातला. काय दणका बसला. आम्ही दहाही जणी नाचायला लागलो. आम्ही नाचतोय, चेंडू गवतात गेलाय, आणि नगरच्या तिघी एकामागून एक आरामात घर गाठून गेल्या. पंच आमच्याकडं बघत राहिला. पुढच्या डावात तिसऱ्या घरावरून पुन्हा तेच झालं. हाताला लागलेली सवय, डोक्याचं कोण ऐकतं?

मला वाटलं बाई आता तरी रागावतील. परत येताना एस.टी.त त्या म्हणाल्या, "ती लगोरी काय असते? आमच्या बोर्डिंगात खेळू देत नव्हते. दाखव बघू."

पुढचे चार दिवस सॉफ्टबॉल बंद. घोडनदीच्या मैदानावर आम्ही लगोरी खेळलो आणि चाळिशीच्या उबाळेबाई फरशीचे तुकडे रचताना पाठीत चेंडू खाऊन घेत होत्या. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "कळलं. तुम्ही माणसावर चिडून चेंडू टाकता. इथं माणसावर चिडायचंच नाही. ती पळतेय, पळू दे. चेंडू तिच्या आधी घरी पोचला की झालं." मग हौसाकडं वळून म्हणाल्या, "शेळीचं सांग यांना." हौसानं सांगितलं. पाठीत मारायचं त्यानंतर थांबलं. माणसावर न चिडता भांडण जिंकता येतं का, याचा मी तेव्हापासून विचार करते आहे. माझा तरी अनुभव वेगळा आहे.

बारामतीच्या मुलींना आम्ही आमच्याच मैदानावर हरवलं. मग दौंड. दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या मुली, बऱ्याचशा अँग्लो-इंडियन, लहानपणापासून हा खेळ खेळलेल्या. त्यांना हरवलं तर आम्ही पुण्याला जाणार होतो. संस्थेच्या चालकांनी प्राचार्यांमार्फत बाईंना हेही कळवलं होतं की संघ पुण्याला गेला तर नेमणूक पुढं चालू ठेवण्याचा विचार होईल. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं होतं.

दुपारी एकला सामना, चारच्या एस.टी.नं परत, म्हणजे हौसा दिव्याच्या आत घरी. हिशोब सरळ होता. तो मोडला लुगड्यानं. पंच एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर, मोठ्या पोटाचा, प्रामाणिक माणूस. आम्हाला बघून म्हणाला, "ये क्या पहना है? नियम में युनिफॉर्म बोला है."

"सगळ्यांचा रंग एक, नेसण एक," बाई म्हणाल्या. "युनिफॉर्म म्हणजे आणखी काय असतं?"

त्याला बाईंचं पटलंही होतं, पण पुस्तकात पाहिल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही ही रेल्वेची सवय. पुस्तक कपाटात, आणि किल्लीवाला यार्डात ड्युटीवर. किल्ली आली, पुस्तक निघालं, त्यात कपडे एकसारखे असावेत एवढंच होतं. तोवर तास उलटून गेला. एरवी प्रश्नांनी जीव खाणाऱ्या बाई त्या तासात एकही प्रश्न विचारत नव्हत्या.

हौसा त्या दिवशी अशी खेळली की दौंडच्या मुली फळी खाली टेकवून तिच्या हाताकडं बघत राहायच्या. चेंडू त्यांच्या पुढ्यात येऊन वीतभर वळल्यासारखा व्हायचा. शेवटच्या डावातली आमची पाळी संपली तेव्हा आम्ही दोन धावांनी पुढं होतो. दौंडची शेवटची पाळी उरली. तीन जणी बाद करायच्या, की पुणे.

चारची एस.टी. जवळ आली होती. बाईंनी छत्री मिटली. "हौसा, चल."

"कुठं?"

"एस.टी.ला."

हौसा म्हणाली, "बाई, तिघीच तर हायेत. लगी लगी करते. गाडी गावंल."

"गावली नाही तर?"

पुढची एस.टी. रात्रीची होती.

"मंग मी गेनूमामासंगं जाते," सोबत आलेल्या गेनूमामाकडं बघून हौसा म्हणाली. "तुम्ही थांबा हितं. तुमची नोकरी हाय."

"गेनूमामा आणतील असं मी म्हटलं नव्हतं. मी आणीन म्हटलं होतं."

मी मध्ये पडले. "बाई, ती अट अन्यायाची आहे हे तुम्हाला मान्य आहे की नाही?"

"आहे."

"मग ती पाळायची कशाला?"

"अट त्यांची. शब्द माझा."

"आणि मोडला तर?"

"तर त्यांनीही शब्द दिलाय, कॉलेज बंद करायचा. तो माणूस दिलेला शब्द पाळेल. मी बघून आलेय त्याला." मग हौसाकडं वळून, आवाज न चढवता म्हणाल्या, "हा डाव अर्ध्या तासाचा आहे. कॉलेज तीन वर्षांचं. तुला मी विचारत नाहीय, हे मला कळतंय. रागाव माझ्यावर."

हौसा रागावली. तिनं चेंडू बाईंकडं दिला नाही, विमलच्या हातात कोंबला. "लई वर टाकू नगं," एवढंच म्हणाली. राखीव असलेली मुलगी विमलच्या घरावर गेली, आणि मी माझ्या कोपऱ्यात.

आम्ही एका धावेनं हरलो. विमलनं जीव तोडून टाकलं. शेवटचा फटका माझ्या कोपऱ्यात आला आणि माझ्या डोक्याच्या बऱ्याच वरून गेला.

पुढं जे व्हायचं ते झालं. प्रशिक्षक सामना अर्धा टाकून मैदान सोडून गेल्या, असा शेरा मारून चालकांनी नेमणूक संपवली. मी अर्थात पत्रक लिहिलं. ते जुळवत असताना बाई छापखान्यात आल्या. खिळे उलटे का लावतात, शाई सगळीकडं सारखी कशी बसते, एक तास त्यांनी मामांना सोडलं नाही. नंतर उलट्या खिळ्यांतलं माझं पत्रक त्यांनी हळूहळू, बोट लावून वाचलं.

"यात आबांना जुलमी म्हटलंयस. ते काढ."

"ते काढलं तर उरतं काय?"

"चालकांचं उरतं की. ते पुरेसं आहे."

मी ते वाक्य काढलं. मला ते अजून पटलेलं नाही. आबांना माझ्या मते सूट मिळाली. चालकांवर पत्रकाचा परिणाम शून्य. संघ मोडला, फळ्या कोठीत गेल्या. महिनाअखेरीस बाई मिशनचं घर सोडून गेल्या, सोलापूरकडं कुठंशी म्हणतात. यंदा हौसा शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या पाठच्या बहिणीचं नाव आबांनी स्वतः येऊन हायस्कुलात घातलं. हा बाईंचा विजय म्हणायचा की आबांचा, यावर हौसाचं आणि माझं भांडण होतं. ती बाईंवर अजून रागावलेली आहे, आणि बाईंबद्दल कुणी वाकडं बोललं तर त्याच्या अंगावर जाते.

मला मात्र बाई आठवल्या की दौंडचीच ती दुपार आठवते. उजव्या कोपऱ्यामागं रेल्वेच्या कुंपणाची तार होती आणि तारेपलीकडून स्टँडकडं जाणारा रस्ता. मैदानात पाठीमागं बघायची मोकळीक माझ्याइतकी कुणालाच नव्हती. आरडाओरड चालली होती, दौंडची पहिली मुलगी घराकडं पळत होती, आणि मी वळून बघितलं. हौसा उलटी चालत होती. तोंड मैदानाकडं, पाऊल मागं, नजर विमलच्या हातावर. बाईंनी तिचा दंड धरला होता. रस्त्यावर खडी पसरलेली, मध्येच एक बैलगाडी उभी. बाई तिला गाडीच्या कडेनं वळवून नेत होत्या, खड्ड्याशी जरा थांबवत होत्या, पुन्हा चालवत होत्या, म्हणजे तिला मान वळवावी लागू नये. स्वतः त्यांनी मागं एकदाही पाहिलं नाही. वळण येईपर्यंत त्या दोघी तशाच चालत गेल्या.